काउबॉइजचं घोडं पैशापाशी नाही, तारखेपाशी अडतं

मॅकिनीकर | १७ जानेवारी २०२६

मागच्या ऑगस्टची २८ तारीख. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती. (इथल्या, म्हणजे टेक्सासच्या, पंचांगाने चतुर्थी आदल्या दिवशी येत होती, पण आम्ही पुण्याच्या घराबरोबर २७ लाच बसवतो. त्यावर वेगळा धागा काढा, इथे नको.) मागच्या अंगणात प्लास्टिकचा निळा टब, पाण्यावर झेंडूच्या पाकळ्या, आरती संपत आलेली, आणि तीन खिशांतले तीन फोन एकदम थरथरले. तेरा वर्षांच्या चिरंजीवांनी फोन बघितला आणि हातातली झांज खाली ठेवली. "बाबा, मायका गेला."

आईला वाटलं ओळखीचं कुणी वारलं. तिने हात जोडले.

ज्यांना संदर्भ नाही त्यांच्यासाठी: मायका पार्सन्स हा डॅलस काउबॉइज या अमेरिकन फुटबॉल संघाचा डिफेन्समधला सगळ्यात भारी खेळाडू. २०२१ च्या ड्राफ्टमध्ये (संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात ते) बाराव्या क्रमांकावर घेतलेला. पहिल्या चारही हंगामांत बारा किंवा जास्त सॅक, एकूण साडेबावन्न. सॅक म्हणजे समोरच्या क्वार्टरबॅकने चेंडू फेकायच्या आत त्याला लोळवणं. हंगाम सुरू व्हायला एक आठवडा असताना त्याला ग्रीन बे पॅकर्सना देऊन टाकलं. बदल्यात पॅकर्सच्या पहिल्या फेरीच्या दोन निवडी (२०२६ आणि २०२७) आणि केनी क्लार्क नावाचा तिशीला टेकलेला डिफेन्सिव्ह टॅकल (डिफेन्सच्या मधल्या फळीतला). पॅकर्सनी लगेच मायकाला ४ वर्षांचे १८ कोटी ८० लाख डॉलर दिले, म्हणजे वर्षाला ४ कोटी ७० लाख. क्वार्टरबॅक सोडला तर तोवर कुणालाच एवढे मिळाले नव्हते.

हंगाम आता संपला. ७ विजय, ९ पराभव, १ बरोबरी. ऑफेन्स झकास आणि डिफेन्स म्हणजे धर्मशाळा, कुणीही यावं. सामन्यामागे सरासरी तीस गुण दिले. डिफेन्सच्या कोचला नारळ मिळाला. म्हणून म्हटलं, राग थंड झालाय, आता शांतपणे लिहू.

इथे मंडळाच्या पार्टीत ज्याला त्याला विचारा, उत्तर एकच: "सॅलरी कॅप आहे ना, सगळ्यांना कुठून देणार?" कॅप म्हणजे संघाच्या वर्षभराच्या पगारांवरची मर्यादा. माझं म्हणणं आहे की कॅप हे कारणच नाही. संघाचा मालक जेरी जोन्स कंजूषही नाही. क्वार्टरबॅक डॅक प्रेस्कॉटला ४ वर्षांचे २४ कोटी देणारा माणूस कंजूष कसा? त्याची खोड वेगळी आहे. तो पैसे देतो, पण शेवटच्या क्षणी, सगळ्या गावाला तमाशा दाखवून आणि चढ्या भावात.

डॅकचंच बघा. २०१६ ला चौथ्या फेरीत मिळालेला क्वार्टरबॅक, म्हणजे रद्दीत सापडलेली सोन्याची अंगठी. २०१९ मध्ये त्याच ड्राफ्टमधल्या दुसऱ्या दोन क्वार्टरबॅकांना, वेंट्झला वर्षाला ३ कोटी २० लाख आणि गॉफला ३ कोटी ३५ लाख असे करार मिळाले. तेव्हाच डॅकला त्या भावात बांधायला हवं होतं. नाही बांधलं. २०२० ला फ्रँचायझी टॅग लावून (म्हणजे करार संपलेल्या खेळाडूला आणखी एक वर्ष अडकवून ठेवून) एका वर्षाचे ३ कोटी १४ लाख मोजले. त्या ऑक्टोबरात बिचाऱ्याचा घोटा मोडला. तरी २०२१ च्या मार्चमध्ये वर्षाला ४ कोटी द्यावे लागले, वर 'पुन्हा टॅग लावणार नाही, न विचारता विकणार नाही' अशी कलमं लिहून द्यावी लागली. ती कलमं हातात असल्यावर २०२४ ला डॅकने काय मागावं आणि जेरीने काय नाकारावं? क्लीव्हलँडमध्ये हंगामाचा पहिला सामना, त्याच दिवशी सकाळी सही. वर्षाला ६ कोटी.

मायकाच्या बाबतीत तीच गोष्ट, फक्त शेवट उलटा. नियमाप्रमाणे २०२४ च्या सुरुवातीपासून त्याच्याशी नवा करार करता येत होता. तेव्हा त्या जागेचा सगळ्यात मोठा भाव होता निक बोसाचा, वर्षाला ३ कोटी ४० लाख. थांबले. २०२५ च्या मार्चमध्ये क्रॉस्बीला ३ कोटी ५५ लाख, चारच दिवसांत गॅरेटला ४ कोटी. जुलैमध्ये वॉटला ४ कोटी १० लाख. भाव दर महिन्याला वर जातोय आणि आपले शेटजी मार्केट यार्डाबाहेर उभे राहून म्हणतायत, जरा उतरू दे. अहो, कॅपच २०२४ च्या २५ कोटी ५४ लाखांवरून २०२५ ला २७ कोटी ९२ लाखांवर गेली. उतरणार कुठून?

त्यात जेरीचं जाहीर म्हणणं असं, की मार्चमध्ये मायकाशी समोरासमोर बोलणं झालं होतं आणि सगळं ठरलं होतं. एजंटला बाजूला ठेवून. आता खेळाडूने एजंट ठेवलेलाच असतो तो अशा 'समोरासमोर'पासून वाचायला. १ ऑगस्टला मायकाने जाहीरपणे ट्रेड, म्हणजे दुसऱ्या संघाकडे अदलाबदल, मागितली आणि तिथून पुढे हा व्यवहार राहिला नाही, रुसवेफुगवे झाले.

माझा तर्क असा, की जेरी मनाने अजून १९९३ मध्ये राहतो. तेव्हा एमिट स्मिथ करारासाठी घरी बसला होता. त्याच्याविना पहिले दोन सामने हरले, मग जेरीने १ कोटी ३६ लाखांचा करार केला आणि त्याच हंगामात सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. ताणून धरलं, शेवटी दिलं, कप आला. धडा मिळाला: ताणलं तरी चालतं. पण सॅलरी कॅप सुरू झाली १९९४ ला. त्याआधी उशिराची किंमत फक्त मालकाच्या खिशातून जायची. आता ती पुढच्या खेळाडूच्या ताटातून जाते. आणि १९९५ च्या हंगामानंतर आपण सुपर बोलच्या दारातही गेलेलो नाही.

बोला. शिव्या मला द्या, गणपतीला नको.

---

जुनाट | १७ जानेवारी

रुमाल टाकून ठेवतो. रात्री सविस्तर.

---

विदर्भवीर | १७ जानेवारी

अमेरिकन फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, पण वाचायला मजा आली. हे आयपीएलच्या पर्ससारखंच ना? तिथे २०२५ च्या लिलावात प्रत्येक संघाला १२० कोटी रुपये होते, त्यात लखनौने २७ कोटी एकट्या पंतवर घातले. मग बाकीच्यांना उरलेल्यात बसवायचं. तसंच?

---

मॅकिनीकर | १७ जानेवारी

@विदर्भवीर, निम्मं तसंच. मर्यादा सगळ्यांना सारखी, ५३ जणांचा संघ त्यात बसवायचा. पण इथे लिलाव नाही. तरुण खेळाडू ड्राफ्टमधून येतात, सगळ्यात वाईट खेळलेल्याला पहिली निवड, आणि पहिली चार वर्षं त्यांचा पगार ठरलेला, स्वस्त. खरी गंमत त्यांचं स्वस्तपण संपतं तेव्हा. सॅन फ्रान्सिस्कोचा पर्डी २०२२ च्या ड्राफ्टमधला शेवटचा, २६२ वा. तीन वर्षं क्वार्टरबॅकांच्या मानाने चहापाण्यावर खेळला. मग २०२५ ला ५ वर्षांचे साडेसव्वीस कोटी डॉलर.

---

आर्व्हिंगचा_आबा | १७ जानेवारी

मॅकिनीकर, लेख फक्कड, मत चूक.

मी १९९१ पासून टेक्सासात आहे. जुन्या आर्व्हिंगच्या स्टेडियममध्ये, ते छताला भोक असलेलं, तिथे थंडीत बसून सामने बघितलेत. जेरीला शिव्या घालायला मला कुणाची परवानगी लागत नाही. पण यावेळी म्हातारा बरोबर होता.

साधा हिशोब. डॅक ६ कोटी, रिसीव्हर (चेंडू झेलणारा) लॅम्ब ३ कोटी ४०, मायका ४ कोटी ७०. तिघांचे झाले १४ कोटी १० लाख. कॅप २७ कोटी ९२. म्हणजे निम्मी रक्कम तीन माणसांवर. उरलेल्या पन्नास जणांनी काय प्रसादावर खेळायचं?

आणि स्टार विकून जिंकता येतं. कॅन्सस सिटीने २०२२ ला टायरीक हिलला मायामीला दिलं, पाच निवडी घेतल्या आणि पुढचे दोन्ही सुपर बोल मारले. तेव्हा कुणी म्हणालं नाही की मालक १९९३ मध्ये राहतो.

शिवाय डिसेंबरात मायकाचा गुडघा गेला. डेन्व्हरमध्ये, एसीएल (गुडघ्यातला मुख्य अस्थिबंध). पॅकर्स प्लेऑफच्या, म्हणजे बाद फेऱ्यांच्या, पहिल्याच फेरीत शिकागोत हरले. आता बोला.

---

जुनाट | १८ जानेवारी

आबा, गुडघ्याचं श्रेय जेरीला? कावळा बसायला आणि फांदी तुटायला. फांदी तुटेल हे ठाऊक असतं तर ऑगस्टपर्यंत त्याच फांदीखाली उभे राहिले असते का?

---

आकडेमोड | १८ जानेवारी

आबांचा हिशोब तपासावा लागेल. पोटापाण्याचा धंदाच तो आहे (ठाण्यात सीए, हा खेळ मी केवळ त्याच्या हिशोबासाठी बघतो, बायकोला हे पटत नाही).

वर्षाची सरासरी ही वर्तमानपत्रात छापायची रक्कम. कॅपमध्ये लागते ती वेगळी. समजा खेळाडूला सही करताना ५ कोटी बोनस दिला. पैसे त्याच्या खात्यात लगेच. पण वहीत ते जास्तीत जास्त पाच वर्षांत वाटून लिहायची मुभा आहे, वर्षाला १ कोटी. आपण यंत्र घेतो आणि त्याचा खर्च काही वर्षांत टाकतो, अगदी तसं. करार चारच वर्षांचा असेल तर पाचवं वर्ष नुसतं कागदावर जोडतात, जे कधी खेळलं जाणारच नाही. त्याला व्हॉइड इयर म्हणतात.

पुढचं पाऊल: या वर्षी कॅप कमी पडतेय? खेळाडूचा या वर्षीचा पगार बोनसमध्ये बदला. त्याला पैसे तेवढेच, उलट लवकर मिळतात, आणि वहीत ते पुढच्या वर्षांवर पसरतात. २०२५ च्या मार्चमध्ये काउबॉइजनी डॅक आणि लॅम्बच्या करारांत हेच करून साडेपाच कोटींहून जास्त जागा मोकळी केली. म्हणजे एका दुपारच्या कागदपत्रांत मायकाच्या वर्षभराच्या पगाराहून जास्त.

अर्थात फुकट काही नाही. दोन वर्षांनी त्या खेळाडूला काढलं तर न लिहिलेले ३ कोटी एकदम अंगावर येतात. माणूस घरी, खर्च दारी. हे डेड मनी. डेन्व्हरने २०२४ ला क्वार्टरबॅक रसेल विल्सनला काढलं तेव्हा असे साडेआठ कोटी दोन वर्षांत गिळले, आणि तरी त्याच हंगामात प्लेऑफला गेले!

थोडक्यात, आबा, १४ कोटी १० लाख एकाच वर्षी वहीत कधीच लागले नसते. मायका बसत होता. बसवायचा नव्हता.

---

फिलीचा_दादरकर | १८ जानेवारी

शत्रूपक्षाकडून, म्हणजे फिलाडेल्फिया ईगल्सकडून, नमस्कार. :)

तुमच्या जखमेवर थोडं मीठ. २०२१ च्या ड्राफ्टमध्ये तुम्ही दहाव्या क्रमांकावर होतात. आमच्याशी अदलाबदल करून बाराव्यावर गेलात आणि मायका घेतलात. आम्ही दहाव्यावर रिसीव्हर डेव्हॉन्टा स्मिथ घेतला. दोघांचा पहिला करार एकाच वेळी सुरू. आमच्या मॅनेजरने, होवी रोझमनने, स्मिथला एप्रिल २०२४ मध्येच बांधला, ३ वर्षांचे साडेसात कोटी. त्याच महिन्यात दुसऱ्या रिसीव्हरचं, ए. जे. ब्राउनचंही उरकलं. मग उन्हाळ्यात जेफरसनला वर्षाला ३ कोटी ५० लाख मिळाले, लॅम्बला ३ कोटी ४०, आणि आम्ही गच्चीत बसून बघत होतो. कुठे तमाशा नाही, पत्रकार परिषद नाही. दहा महिन्यांनी सुपर बोल, ४०-२२.

सेक्वॉन बार्कलीसुद्धा. रनिंग बॅकला (चेंडू घेऊन धावणाऱ्याला) कशाला पैसे म्हणून जायंट्सनी सोडला, आम्ही ३ वर्षांचे पावणेचार कोटी दिले, पहिल्याच हंगामात २००५ यार्ड. त्याच वेळी डेरिक हेन्री बाजारात होता, घर डॅलसमध्ये, २ वर्षांचे १ कोटी ६० लाख एवढंच काम होतं. तुम्ही बोलावलंही नाही. बाल्टिमोरला जाऊन १९२१ यार्ड धावला.

प्रामाणिकपणे सांगतो, आमचीही उधारी पुढे ढकललेलीच आहे, व्हॉइड वर्षांची रांग लागलीय. एक दिवस वाणी दारात येणार. पण तोवर घरात कप आहे.

---

आर्व्हिंगचा_आबा | १८ जानेवारी

आकडेमोड, समजलं. मागे घेतो, अर्धं.

अर्धं अशासाठी, की लवकर बांधलं म्हणजे शहाणपण असंही नाही. ईझिकिएल एलियटला २०१९ ला करार संपायच्या दोन वर्षं आधी ६ वर्षांचे ९ कोटी दिले. रनिंग बॅकला! पाय दमले, मार्च २०२३ मध्ये काढून टाकला. तेव्हाही उशीर केला असता तर वाचलो असतो. जेरीला चटका तिथे बसला असेल.

---

मॅकिनीकर | १८ जानेवारी

आबा, ईझिकिएलचं मान्य. पण तिथे चूक तारखेची नव्हती, माणसाची होती. त्या जागेवरचे खेळाडू सव्विशी-सत्ताविशीत उताराला लागतात.

आणि कॅन्सस सिटीचा दाखला तर माझ्याच बाजूचा आहे. त्यांनी हिलला दिलं मार्चमध्ये, ड्राफ्टच्या आधी. मिळालेल्यांतल्या त्याच वर्षीच्या निवडी महिन्याभरात वापरल्या आणि ती पोरं त्याच हंगामात मैदानात उतरली. आपण दिलं २८ ऑगस्टला. त्या दोन निवडींतून पुढच्या गुरुवारी खेळायला कोण येणार होतं? चिठ्ठी? मार्चमध्येच विकला असता तर मी हा धागा काढलाच नसता. कदाचित टाळ्याही वाजवल्या असत्या.

आणखी एक. नोव्हेंबरात जेट्सकडून क्विनन विल्यम्स आणला. चांगला खेळला, तक्रार नाही. पण त्यासाठी २०२६ ची दुसऱ्या फेरीची आणि २०२७ ची पहिल्या फेरीची निवड दिली, वर मॅझी स्मिथ हा खेळाडू. म्हणजे मायकाच्या बदल्यात आलेलं एक नाणं तिथेच गेलं. आता विल्यम्सचा करार वर्षाला २ कोटी ४०, क्लार्कचा २ कोटीच्या वर, ओसा ओडिगिझुवाचा २ कोटी. तिघेही टॅकल, एकमेकांच्या शेजारी उभे राहणारे. बेरीज साडेसहा कोटींच्या आसपास. (हो हो, सरासरीच, आकडेमोड, ओरडू नका.) ४ कोटी ७० जड होत होते ना?

---

अर्णवची_आई | १८ जानेवारी

एक गोष्ट कुणीच बोलत नाहीये म्हणून लिहिते. माझा मुलगा इथे हायस्कूलला डिफेन्समध्ये खेळतो. शुक्रवारच्या सामन्यानंतर शनिवारी सकाळी तो जिना कसा उतरतो ते मी बघते. कठडा धरून, एकेक पायरी, आजोबांसारखा. वय सोळा.

सगळेजण मालकाच्या वहीतून बघताय. मायकाकडे ऑगस्टमध्ये पाचव्या वर्षाचे २ कोटी ४० लाख होते, त्यापुढे शून्य. तो गप्प राहून खेळला असता आणि हाच गुडघा डॅलसच्या गणवेशात गेला असता तर? पुढचा करार कुठला आणि भाव कुठला? पॅकर्सच्या करारात १२ कोटी सही करतानाच पक्के होते, एकूण हमी १३ कोटी ६० लाखांची. म्हणून आज तो निवांत व्यायाम करतोय. ऑगस्टमध्ये पाठ धरली म्हणून टेबलावर आडवा झाला तर लोकांनी त्याची केवढी टिंगल केली. मला तर ते पोर शहाणं वाटलं.

संघाची किंमत १३०० कोटी डॉलर सांगतात, जेरीने १९८९ ला घेतला १४ कोटींना. त्याचा गुडघा कधीच जाणार नाही.

---

जुनाट | १८ जानेवारी

@अर्णवची_आई, दंडवत. शेवटचं वाक्य चोरणार.

---

विदर्भवीर | १९ जानेवारी

मग पुढे काय? आता कुणाची पाळी?

---

मॅकिनीकर | १९ जानेवारी

जॉर्ज पिकन्सची. मे महिन्यात पिट्सबर्गकडून आणलेला रिसीव्हर. डोकं गरम म्हणून त्यांनी दिला, आपल्याकडे १४०० हून जास्त यार्ड केले. करार मार्चमध्ये संपतोय. पर्याय दोनच: मोठा करार किंवा टॅग. आणि त्याचा एजंट कोण? डेव्हिड मुलुगेटा. मायकाचाच. ज्याला बाजूला ठेवून जेरी मार्चमध्ये 'समोरासमोर' बोलला होता तोच.

मी पैज लावतो, टॅग लावणार आणि जुलैपर्यंत वर्तमानपत्रांना खाद्य पुरवणार.

---

आर्व्हिंगचा_आबा | १९ जानेवारी

पैज घेत नाही. हरेन.

बरं, तुमच्या चिरंजीवांकडे ११ नंबरची जर्सी होती ना? २८ सप्टेंबरला पॅकर्स इथे आले तेव्हा आमच्याकडे घालून आला होता.

---

मॅकिनीकर | १९ जानेवारी

तीच. ४०-४० चा तो सामना. ओव्हरटाइममध्ये आपण गोलरेषेच्या तोंडाशी, डॅक चेंडू घेऊन पळतोय आणि मागून मायकाने येऊन त्याला लोळवला. टचडाउन गेला, तीन गुणांवर समाधान. ६ कोटीवाल्याच्या अंगावर ४ कोटी ७० लाखवाला. तुमच्या दिवाणखान्यात वीस माणसं आणि आमचं एकटं पोर सोफ्यावर उभं राहून ओरडतंय, अंगात काउबॉइजची जर्सी. आधी सगळ्यांनी त्याच्याकडे रागाने बघितलं, मग तुम्हीच हसायला लागलात.

आता ती खांद्यात बसत नाही. पिकन्सची ३ नंबरची हवीय म्हणतो. मी म्हटलं थांब रे, आधी करार होऊ दे, मग बघू. त्याने माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाला, "ओके, जेरी."

---

आर्व्हिंगचा_आबा | १९ जानेवारी

हाहाहा. घेऊन टाका हो.

८ फेब्रुवारीला सुपर बोल आमच्याकडे. आपला संघ नसल्याने रक्तदाब ठीक राहील. मिसळ मी करतो, पाव कुणीतरी आणा. दादरकर, फिलाडेल्फियाहून येणार असाल तर हिरवी टोपी बाहेर काढून ठेवायची.